अनोळखी पायांचे मोजे

दोन सुया आणि लोकरीचा एक गुंडा, एवढीच विणकामाची सामग्री. एका सुईवरील फासातून धागा ओढून दुसऱ्या सुईवर घ्यावयाचा, की झाला एक टाका. असे सुलट नि उलट हजारो टाके पडतात, तेव्हा कुठे एक लहानसा स्वेटर तयार होतो.

घरच्या मुलासाठी विणणारी आई मधूनमधून त्याला हाक मारते, अर्धेमुर्धे काम त्याच्या पाठीला लावून पाहते आणि आखूड वाटले तर चार ओळी वाढविते. परंतु जो कधी दृष्टीस पडावयाचा नाही, त्याच्यासाठी विणणाऱ्याने काय करावे? समोर पाठ नाही, मग माप घ्यावयाचे कोणाचे? अशा वेळी बोटांबरोबर मनालाही काम पडते. त्या अनोळखी जिवाच्या जागी स्वतःला उभे करावे लागते.

पहिल्या महायुद्धात, 1914 ते 1918 या काळात, फ्रान्स व बेल्जम येथील खंदकांत सैनिक दिवसचे दिवस चिखलपाण्यात उभे असत. पाय सुजत, बधिर होत, कधी कुजूही लागत. पाय कोरडे ठेवणे आणि मोजे वरचेवर बदलणे हाच त्यावर उपाय होता. म्हणून ब्रिटन, कॅनडा, अमेरिका, ऑस्ट्रेलिया अशा देशांतील स्त्रिया, वृद्ध आणि शाळकरी मुलेदेखील मोजे विणू लागली. मोज्याचे टोक शिवून बंद केले, तर आतून शिवणीचा कंगोरा उठतो. घरात वावरणाऱ्याला तो जाणवतही नाही. परंतु ओल्या बुटांत कोसच्या कोस चालणाऱ्याच्या बोटांना त्यानेच फोड येतात. यासाठी दोन्ही कडांचे फास सुईने असे गुंफीत, की जोड दिसू नये आणि टोचूही नये. त्या काळच्या ब्रिटिश युद्धमंत्र्यांच्या नावावरून ही जोडणी 'किचनर टाका' म्हणून ओळखली जाते.

आपल्या देशानेही असा प्रसंग पाहिला आहे. 1962 च्या ऑक्टोबरात चीनने आक्रमण केले, तेव्हा लडाखमध्ये आणि आजच्या अरुणाचल प्रदेशात आपले जवान बर्फाळ उंचीवर लढत होते. पुष्कळांपाशी पुरेसे गरम कपडे नव्हते. ही वार्ता पसरताच घरोघरी सुया चालू लागल्या. ज्यांच्या गावी बर्फ कधी पडत नाही, अशा स्त्रियांनीही हिमालयातील थंडी मनाने ओळखली आणि जवानांसाठी स्वेटर विणले.

अनोळखी जीव माणूसच असतो, असेही नाही. ऑस्ट्रेलियातील फिलिप बेटावर फूटभर उंचीचे चिमुकले पेंग्विन राहतात. समुद्रात सांडलेले तेल त्यांच्या पिसांना लागले, की अंगातील ऊब टिकत नाही. आणि चोचीने पिसे साफ करताना तेच विषारी तेल पोटात जाते. म्हणून त्यांना धुऊन काढीपर्यंत लोकरीची छोटी बंडी घालतात. 2001 साली तेथे 438 पेंग्विन तेलाने माखले होते. त्यांतील शेकडा 96 वाचले. या कामासाठी बंडी अंगाबरोबर बसणारी हवी आणि मानेला व पंखांना जागा नेमकी हवी. पुढे जगभरातून इतक्या बंड्या आल्या, की 'आता पुरे' असे कळवावे लागले. देणाऱ्याच्या हौसेलाही घेणाऱ्याच्या गरजेचे माप पाळावे लागते.

सर्वांत लहान माप अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे. त्याचे डोके मोसंब्याएवढे. पण इवल्या देहाच्या मानाने तेच मोठे, त्यामुळे पुष्कळशी ऊब तेथून निघून जाते. म्हणून त्याला टोपडे घालून आईच्या उराशी ठेवतात. अशी टोपडी विणून रुग्णालयांना देणारी माणसे अनेक देशांत आहेत. विणताना वाटते, वर एखादा मोती टाचावा, कडेने रेशमी फीत ओवावी. परंतु मोती सुटून बाळाच्या तोंडात जाऊ शकतो, फीत गळ्याभोवती आवळू शकते आणि खरखरीत लोकर कोवळ्या कातडीला बोचते. तेव्हा शोभा बाजूला ठेवून मऊ धाग्याचे साधेच टोपडे विणावे लागते. ते पाहून विणणारीची वाहवा कोणी करणार नाही. बाळ मात्र सुखाने झोपेल.

विणताना कधी एखादा टाका गळतो. तो चटकन दिसत नाही. पण वापरता वापरता वीण उसवत जाते आणि भोक पडते. दूर देशीचा सैनिक किंवा पाळण्यातील बाळ तक्रार घेऊन येणार नसते. हे ठाऊक असूनही जी व्यक्ती दहा ओळी उसवून तो एक टाका पुन्हा उचलते, तिचेच दान खरे.

'मोजा' हा शब्द मराठीत दोन अर्थांचा आहे. एक मोजा पायांत घालावयाचा, तर दुसरा 'माप घ्या' असे सांगणारा. दुसऱ्यासाठी विणावयास बसणाऱ्याने दोन्ही अर्थ ध्यानात ठेवावेत.