भिवंडीचा मुक्काम व वज्रेश्वरीच्या पायऱ्या

प्रवासवर्णन म्हटलें कीं वाचकांस हिमालयाचीं शिखरें किंवा कोंकणचा समुद्रकिनारा आठवतो. भिवंडीचें नांव ऐकून प्रवासाची हौस कोणास उत्पन्न होईल असें वाटत नाहीं, व मलाहि ती झाली नव्हती. भाद्रपदांत गौरीगणपतींचें विसर्जन आटोपल्यावर आम्ही उभयतां भिवंडीस गेलों तें देशदर्शनासाठीं नव्हे, तर एक चूक निस्तरण्यासाठीं. ती चूक माझीच असल्यामुळें तिची हकीकत प्रथम सांगून टाकणें बरें.

आषाढांत एके सकाळीं सौ. न्हाणीघरांत पाय घसरून पडली व मांडीचें हाड खुब्यापाशीं मोडलें. दुसऱ्या दिवशीं शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर लगेच डॉक्टरांनीं तिला वॉकरच्या आधारानें उभें करून चार पावलें चालविलें, आणि घरीं पाठवितांना रोज चालवीत जा म्हणून मला बजावलें. येथपर्यंत सर्व यथास्थित होतें. घरीं आल्यावर मात्र आमचें राज्य सुरू झालें. ती उठूं लागली कीं सून म्हणे, “आई, तुम्ही उठूं नका, मी आहें ना.” शेजारच्या काकू म्हणत, “आयुष्यभर राबलांत, आतां पडून राहा.” आणि मी तर पहाराच करीत होतों. पाणी खाटेवर, जेवण खाटेवर, पोथी वाचून दाखविणें तेंहि खाटेपाशीं. पुन्हां पडली तर काय, या एका भयानें मीं डॉक्टरांचा उपदेश गुंडाळून ठेवला, आणि त्या भयास प्रेम असें नांव दिलें. सहा आठवड्यांनीं तिला उभें करूं गेलों तों पाय नवजात वासरासारखे लटपटूं लागले. हाड सांधलें होतें. माणूस मात्र उठत नव्हतें.

गौरीजेवणाच्या दिवशीं धाकटी मुलगी भिवंडीहून आली. आईला आडवी पाहून ती माझ्याशीं फारसें बोलली नाहीं. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशीं तिनें गाडी बोलाविली.

ठाण्याहून कशेळीचा खाडीपूल ओलांडला कीं भिवंडीचा मुलूख लागतो. दोहों बाजूंस मालाचीं गोदामें, त्यांपुढें मालमोटारींच्या रांगा, आणि रस्ता असा कीं मोडलेल्या हाडाच्या माणसानें डोळे मिटून नामस्मरण करावें. गांवांत शिरतां शिरतां जो आवाज कानीं पडतो, तो मग मुक्काम हालेपर्यंत सुटत नाहीं. हा यंत्रमागांचा आवाज. उत्तर हिंदुस्थानांतून आलेल्या मोमीन विणकरांनीं येथें प्रथम हातमाग चालविले. पुढें विसाव्या शतकांत त्यांची जागा विजेच्या मागांनीं घेतली, आणि कामवारी नदीच्या कांठचें हें गांव देशांतील कापडाच्या मोठ्या पेठांपैकीं एक होऊन बसलें. कन्येचें घर ब्राह्मण आळींतलें, जुनें, लांकडी जिन्याचें. पहिल्या रात्रीं मला झोंप आली नाहीं. आठ दिवसांनीं उलट झालें. वीज जाऊन माग थांबले कीं जाग येऊं लागली.

मुलीनें आईसाठीं एक फिजिओथेरपिस्ट ठरविली होती. या शास्त्रास ‘भौतिकोपचार’ असा एक संस्कृत शब्द रूढ करूं पाहतात, पण तो उच्चारतांना जिभेलाच व्यायाम होतो, म्हणून मी लोकांचाच शब्द वापरतों. आलेली मुलगी पंचविशीच्या आंतली, विणकराच्या घरची. आजोबा मागावर, वडीलहि मागावर, आणि ही मुंबईस शिकून आलेली. हें शिक्षण मुंबईस कसें रुजलें त्याचा इतिहास तिच्याकडूनच कळला. १९५२ च्या सुमारास मुंबईंत पोलिओची सांथ पसरली; जीं मुलें वांचलीं त्यांचे लुळे पडलेले हातपाय पुन्हां कामास लावणारीं माणसें देशांत जवळजवळ नव्हतींच. त्या गरजेंतून १९५३ सालीं परळच्या के. ई. एम. रुग्णालयांत फिजिओथेरपीची शाळा निघाली. हिंदुस्थानांतील ती पहिली. त्यानंतर दोनच वर्षांनीं हाजी अलीपाशीं अपंगांच्या पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था उभी राहिली. रोगानें प्राण घेतला नाहीं एवढ्यानें वैद्यकाचें काम संपत नाहीं, हें मुंबईस त्या मुलांनीं शिकविलें असें म्हणावें लागेल.

आल्या आल्या तिनें सौ.ची परीक्षा घेतली. खुर्चींतून उठावयाचें, तीन मीटर चालावयाचें, वळून परत येऊन बसावयाचें. आणि हिच्या हातांत घड्याळ. एक्केचाळीस सेकंद लागले. खुर्चींतून हात न टेकतां उठणें तर एकदांहि जमेना. मग तिनें माझी परीक्षा घेतली. “गुरुजी, सहा आठवडे आजींना कोणीं झोपवून ठेवलें?” चाळीस वर्षें मुलांस असले प्रश्न मीं विचारले आहेत, उत्तर देण्याची पाळी कशी असते तें त्या दिवशीं कळलें.

ती रागावली नाहीं. तिनें एका प्रयोगाची गोष्ट सांगितली. अमेरिकेंत डलास येथें १९६६ सालीं वीस वर्षांच्या पांच निरोगी तरुणांस तीन आठवडे अंथरुणावर निजवून ठेविलें. श्रमाच्या वेळीं शरीर जास्तींत जास्त किती प्राणवायु वापरूं शकतें, हें आधीं व नंतर मोजलें. नंतर तेच पांच जण तीस वर्षांनीं, पन्नाशींत, पुन्हां तपासले. तीस वर्षांच्या वयोमानानें त्यांची जेवढी शक्ति घटली होती, त्याहून अधिक ती तरुणपणीं तीन आठवड्यांच्या निजण्यानें घटली होती. ऐकून मी गप्प झालों. विशींतल्या मल्लांची ही गत, तर साठी उलटलेल्या बाईस मीं दुप्पट काळ निजवून काय केलें, त्याचा हिशेब मनांत होऊं लागला. तें माझ्या चेहऱ्यावर दिसलें असावें. तिनें लगेच दुसरा प्रयोग सांगितला. बोस्टन येथें वृद्धनिवासांतील शहाऐंशीं ते शहाण्णव वर्षांच्या दहा दुर्बळ माणसांकडून आठ आठवडे पायांनीं वजन उचलविलें. त्याचा वृत्तांत १९९० सालीं प्रसिद्ध झाला. त्यांच्या मांडीचें बळ सरासरीनें पावणेदोनशें टक्क्यांच्या जवळपास वाढलें, व दोघांनीं काठी टाकली. “नव्वदींत वाढतें, तर आजी तर तरुण आहेत,” ती म्हणाली. सौ. बऱ्याच दिवसांनीं हंसली.

दुसऱ्या दिवसापासून गृहपाठ सुरू झाला. जुन्या लुगड्याच्या फडक्यांत अर्धा शेर तांदूळ बांधून ती पुरचुंडी घोट्यास बांधावयाची व बसल्या बसल्या पाय सरळ करावयाचा. स्वयंपाकघराच्या ओट्यास धरून टांचा उचलावयाच्या. खुर्चींतून उठावयाचें व बसावयाचें, आधीं हात टेकून, पुढें न टेकतां. मीं शाळेच्या हजेरीपटासारखी एक वही आंखली व रोजचे आंकडे लिहूं लागलों.

येथें माझा व त्या मुलीचा एक शास्त्रार्थ झाला. आयुर्वेदांत व्यायाम अर्ध्या शक्तीनें करावा असें सांगितलें आहे. कपाळावर व नाकावर घाम येऊं लागला, श्वास तोंडांत येऊं लागला, कीं थांबावें, हीं त्याचीं लक्षणें आयुर्वेदांत दिलीं आहेत; त्यांतलें श्वासाचें लक्षण सुश्रुताचें. तीं मीं तिला मोठ्या अभिमानानें सांगितलीं. तिला तीं फार आवडलीं. तिच्या शास्त्रांतहि असेंच आहे म्हणाली: चालतांना बोलतां यावें, पण गातां येऊं नये. मात्र तिनें एक पुरवणी जोडली. श्वासाच्या व्यायामास अर्धी शक्ति ठीक. पण गेलेलें मांस परत आणावयाचें तर तांदळाची पुरचुंडी अशी पाहिजे कीं दहांतले शेवटचे दोन वेळचे उचलणें खरोखर जड जावें. बोस्टनच्या म्हाताऱ्यांनीं तर आपल्या शक्तीच्या ऐंशीं टक्के वजन उचललें होतें. मीं पुष्कळ वाद घातला. तिकडे सौ.नें निमूटपणें पुरचुंडींत आणखी दोन मुठी तांदूळ घातले, आणि वाद संपला. चरकानें व्यायामाचीं फळें सांगतांना हलकेपणा, कामाची शक्ति व स्थैर्य यांच्या पंक्तीस दुःखसहिष्णुता बसविली आहे. त्या शब्दाचा अर्थ मीं वर्षानुवर्षें ‘दुःख सोसण्याची संवय’ असा सांगत आलों. तो आतां निराळा सांगावासा वाटतो. दुःख असून पाऊल टाकणें, असा कांहीं तरी.

त्या मुलीबरोबर एकदां एका मागवाल्याकडे गेलों होतों. बारा तास उभें राहून, वांकून, तुटलेला धागा जोडावयाचा. खांदा वर उचलेनासा झालेला. तो म्हणाला, दिवसभर राबतों, आणखी व्यायाम कशाला? तिनें त्याला समजाविलें कीं मागावर हात एकाच बाजूला, एकाच तऱ्हेनें चालतो. जें तेथें घडत नाहीं तें येथें घडवावयाचें आहे. त्यानें ऐकलें, पण सारखें घड्याळाकडे पाहत होता, कारण मजुरी कापडाच्या मापावर मिळते. आमच्या घरीं विश्रांति उतूं जात होती व तिनेंच अपाय केला. या माणसाच्या घरीं ती औषधापुरतीहि नव्हती. माग बिघडला तर कारागीर धांवत येतो. खांदा बिघडला तर विणकर रविवारची वाट पाहतो. परततांना मला ही गोष्ट फार लागून राहिली.

आश्विनांत सौ.नें एक नवीनच गोष्ट काढली. पडली त्या दिवशींच तिनें वज्रेश्वरीस ओटी बोलली होती. ही देवी भिवंडी तालुक्यांतच, तानसा नदीच्या बाजूस आहे. चिमाजी आप्पांनीं वसईच्या मोहिमेंत हिला नवस केला व १७३९ सालीं किल्ला हातीं आल्यावर देऊळ बांधविलें, ही कथा सर्वांस ठाऊक असेल. देऊळ उंचावर, किल्ल्यासारख्या तटाचें. आणि वर जावयास बावन्न पायऱ्या. मीं म्हटलें, ओटी मी वाहून येतों. सौ. म्हणाली, “नवस मीं बोललें आहें, तुम्हीं नव्हे.”

फिजिओथेरपिस्ट मुलीस हें कळतांच ती उलट आनंदली. इतके दिवस तिनें आंकडे दिले होते. आतां आंकड्यास जागा मिळाली. आमच्या कन्येच्या जिन्यास नऊ पायऱ्या. “सहा वेळां चढल्या कीं देवळाहून दोन जास्तच,” तिनें हिशेब केला. एकच नियम पाठ करविला: चढतांना चांगला पाय आधीं, उतरतांना दुखरा पाय आधीं. दिवाळींत एक वेळ, कार्तिकी एकादशीस दोन, असें करीत करीत मार्गशीर्षांत सहा झाल्या. घड्याळाची परीक्षा तोंपर्यंत वीस सेकंदांच्या आंत आली होती. मध्यें नऊ दिवस तापानें गेले व आंकडे बरेच मागें हटले. तो भाग वहींत आहे तसाच आहे.

पौषांत आम्ही निघालों. वाड्याच्या रस्त्यानें अंबाडीच्या नाक्यापर्यंत जाऊन डावीकडे वळावयाचें. गोदामें मागें पडतात, भाताचीं कापलेलीं खाचरें लागतात, आणि मागांचा आवाज नाहींसा होतो तो किती वेळानें ध्यानांत येतें. प्रथम अकलोलीच्या उन्हाळ्यांवर थांबलों. देवीनें मारलेल्या राक्षसांचें रक्त म्हणून हें पाणी ऊन, अशी लोकांची समजूत. भूगर्भशास्त्र म्हणतें कीं पावसाचें पाणी खडकाच्या भेगांतून फार खोल जातें, तेथील उष्णतेनें तापतें व दुसऱ्या भेगेनें वर येतें. कोंकणपट्टींत अशीं उन्हाळीं ठिकठिकाणीं आहेत. कांठावर बहुतेक सांधेदुखीचे लोक. एक म्हातारे सात वर्षें दर हिवाळ्यांत येतात; पाण्यांतून निघाल्यावर दोन तास बरें वाटतें म्हणाले. त्या दोन तासांत काय करतां असें मीं विचारलें. “काय करणार? गाडींत बसून घरीं जातों.” ऊन पाण्यानें स्नायु सैल होतात, दुखणें मंद होतें, यांत संशय नाहीं, पण तें दार उघडणें झालें, आंत जावयाचें तें आपल्याच पायांनीं. आमच्या मुलीनें दहा मिनिटांहून जास्त नको, आणि उठतांना घेरी येते तेव्हां घाईनें उठूं नका, असें बजावलें होतें. सौ.नें एका बेताच्या ऊन कुंडांत गुडघ्यापर्यंत पाय सोडले, दहा मिनिटें झालीं कीं स्वतःच काढले, व तेथल्या तेथें सपाटीवर थोडी फिरून आली.

पायऱ्यांपाशीं जावईबापू म्हणाले, “आई, दोन माणसें बोलावतों, खुर्चीवरून अलगद नेतील.” बोलणें मायेचें होतें, आषाढांत मीहि असाच बोललों होतों. सौ.नें पदर खोंचला व चांगला पाय पहिल्या पायरीवर ठेवला. मी हात धरूं लागलों तर म्हणाली, “धरूं नका, शेजारीं चाला.” मी मोजूं लागलों तर म्हणाली, “मनांत मोजा.” अठराव्या पायरीस ती थांबली. एकतिसावीस बसली, पाणी प्याली, आणि इतका वेळ बसली कीं मला खुर्चीची आठवण झाली. पण मी बोललों नाहीं. एक पायरीवर कोरलेल्या कासवाची लोक पूजा करतात, त्यास तिनें वांकून हात लावला, तेव्हां माझा श्वास अडकला. चाळिसाच्या पुढें तिचाहि श्वास तोंडांत आला होता, कपाळावर घाम होता. सुश्रुताप्रमाणें आतां थांबावयास हवें होतें. ती थांबली नाहीं.

ओटी भरून झाल्यावर आम्ही ओवरींत बराच वेळ बसलों. उतरतांना तिच्या तोंडीं नियम चालला होता, दुखरा आधीं, दुखरा आधीं, पुटपुटत.

रात्रीं भिवंडीस परत आल्यावर मीं वहींत त्या दिवसाच्या रकान्यांत ५२ हा आंकडा लिहिला. सकाळीं पाहतों तों त्याखालीं सौ.च्या अक्षरांत भर होती: “आणि उतरून ५२.”