एक लिटर पाणी

परीक्षकाचे काम करण्यात आमचे अर्धे आयुष्य गेले. तेव्हा कोणास काय समजले हे आपणांस मोजता येते, असा आमचा समज झाला असल्यास वाचकांनी नवल मानू नये. तो समज लातुरास आमच्या थोरल्या वहिनींच्या स्वयंपाकघरात ढासळला.

2016 चा एप्रिल होता. त्याच महिन्यात मिरजेहून आगगाडीने लातुरास पाणी येऊ लागले होते, आणि घरोघर हंड्याहंड्याचा हिशेब चाले. वहिनींच्या दीड वर्षाच्या नातवास जुलाब लागल्याचे कळल्यावरून आम्ही नांदेडहून गेलो. डॉक्टरांनी जलसंजीवनीच्या पुड्या दिल्या होत्या. वेष्टनावरील इंग्रजी मजकूर आम्ही शुद्ध मराठीत उतरवून चिठ्ठी केली : 'संपूर्ण पुडी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात विरघळवून बालकास थोडे थोडे पाजावे.' वहिनींनी ती कोठेही न अडखळता वाचली. मनातल्या मनात त्यांस पैकीच्या पैकी गुण देऊन आम्ही बाहेर वर्तमानपत्र वाचीत बसलो. काही वेळाने आत जाऊन पाहतो तो अख्खी पुडी एका फुलपात्रात कालवलेली, आणि दोन चमचे पोराच्या पोटात गेलेले!

इतक्या थोड्या पाण्यात ती पुडी म्हणजे निव्वळ मिठाचा मारा. लहान मुलाच्या रक्तातील क्षार त्याने वाढून प्रसंगी जिवावर बेतते. आम्ही आवाज चढविला. वहिनी शांतपणे म्हणाल्या, "भावजी, लिटर मला कळतं. पण एवढंसं पोर लिटरभर पाणी पिणार आहे का? उरलेलं ह्या दिवसांत ओतून द्यायचं? शिवाय पातळ केलं की औषधाचा जोर जाईल, असं वाटलं. लिटरच का, ते तुमच्या चिठ्ठीत कुठं होतं?"

खरेच, नव्हते.

रोग्यांची समज मोजण्याची एक जुनी कसोटी अमेरिकेत आहे. वैद्यकातील 66 शब्द मोठ्याने वाचावयाचे. उच्चार बरोबर तर गुण. इंग्रजीत हे काहीसे चालते, कारण तेथे शब्दाची पूर्वओळख असल्याखेरीज उच्चार साधत नाही. स्पॅनिश भाषा लिहिल्याप्रमाणे वाचतात. तेथे ही युक्ती लटकी पडली, आणि 2006 साली शब्दाबरोबर अर्थही पाहणारी निराळी कसोटी रचावी लागली. आमच्या बाळबोध लिपीत तर 'मूत्रपिंडदाह' हा शब्द चौथीतला मुलगाही खणखणीत वाचील! आइस्क्रीमच्या डब्यावरील मजकूर पुढे ठेवून सहा प्रश्न विचारणारी 2005 ची कसोटी अधिक शहाणी आहे; तीत थोडा हिशेबही करावा लागतो. तथापि हिशेबात वहिनी आमच्याहून पक्क्या. त्या तीत उत्तीर्ण झाल्या असत्या, आणि पुडी फुलपात्रातच गेली असती.

आम्हांस खरी परीक्षा वाटते ती बांगलादेशातील ब्रॅक या संस्थेची. 1980 ते 1990 या काळात तिच्या कार्यकर्त्या सव्वा कोटीच्या आसपास घरांत गेल्या आणि चिमूटभर मीठ, मूठभर गूळ व अर्धा शेर पाणी यांचे मिश्रण त्यांनी आयांस शिकविले. काही आठवड्यांनी दुसराच माणूस निवडक घरी जाऊन आईस प्रश्न विचारी व मिश्रण करावयास लावी. त्या आईस जितके गुण, तितका शिकविणारीचा मेहनताना! (आमच्या विद्यापीठात हा नियम आला तर कित्येकांच्या, आमच्यासुद्धा, पगाराचे काय होईल, कल्पना करवत नाही.) एवढे करूनही पुढे आढळले की, कृती पाठ असलेल्या पुष्कळ आया ती वापरीतच नव्हत्या, आणि शोध घेता कळले की, शिकविणाऱ्यांपैकी अनेकींचाच तिच्यावर विश्वास नव्हता.

त्या संध्याकाळी आम्ही वहिनींस कारण सांगितले : पाणी हेच येथे औषध, पुडी केवळ ते अंगात मुरविते, आणि उरले तर चोवीस तासांनी टाकावेच लागते. हे शेवटचे त्यांस जड गेले. मग त्यांनी दुधाची अर्ध्या लिटरची रिकामी पिशवी धुऊन दोनदा भरली, एका पातेल्यात ओतली, आणि पाणी आले तेथे खिळ्याने रेघ ओढली.

पोर दोन दिवसांत खेळू लागले. रेघेचे ते पातेले वहिनींच्या फळीवर अजून आहे; आमची चिठ्ठी कोठे गेली कोण जाणे.