आजोबांचा पाचवा नियम

दिवाळीच्या सुट्टीत माझा भाचा मोबाइल घेऊन शेजारी येऊन बसला आणि म्हणाला, "मामा, भुतं काढणाऱ्या माणसाचे नियम काय असतात?"

आम्ही सगळे परळला आत्याच्या घरी जमलो होतो. भाचा म्हणजे आत्याचा नातू. अकरावीत आहे. तो आणि त्याचे मित्र 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' खेळतात. एकजण गोष्ट सांगत नेतो, बाकीचे त्यातली पात्रं होतात आणि फासे टाकून पुढे काय होईल ते ठरतं. या वेळी त्यांनी गोष्ट कोकणात नेली होती. हडळ, मुंजा, वेताळ, चकवा, सगळी मंडळी हजर. भाचा त्यात भगत झाला होता, देवाचं नाव घेऊन भुतांच्या मागे जाणारा. पण गोष्ट सांगणाऱ्या मित्राने अट घातली होती. देवाची शक्ती हवी तर व्रत घे. पाच नियम लिहून दे. एक जरी मोडलास तर शक्ती गेली.

"पणजोबा खरेखुरे भगत होते ना? त्यांचे नियम सांग."

मी खूश झालो. आजोबांचे नियम मला तोंडपाठ आहेत. ऑफिसात, मित्रांत, एकदा तर बायकोच्या माहेरी जेवताना मी ते सांगितलेत. 'आमचे आजोबा भूत उतरवायचे' म्हटलं की लोक हसतात आणि नियम ऐकले की गप्प होतात. ते गप्प होणं मला आवडतं.

आजोबांना चाळीत सगळे तात्या म्हणायचे. मूळचे मालवणकडचे. लालबागला राहायचे आणि गिरणीत साच्यावर काम करायचे. आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत कोपऱ्यात देव्हारा होता. अमावास्येला, पौर्णिमेला गॅलरीत चपलांचा ढीग पडायचा. कुणाचं मूल रात्री दचकून उठतं, कुणाच्या सुनेच्या अंगात काहीतरी येतं, कुणाचा नवरा कामावरून आल्यापासून भिंतीकडे बघत बसलाय. आजोबा देवापुढे गाऱ्हाणं घालायचे आणि दर वाक्याला आम्ही पोरं मागून 'होय म्हाराजा' ओरडायचो. माझ्या आठवणीतले आजोबा साठी उलटून गेलेले, अंगात गंजीफ्रॉक, हातात अंगारा.

पहिला नियम, आधी डॉक्टर. माणूस दारात आला की पहिला प्रश्न, "डाक्टराक दाखवलास?" नाही म्हटलं तर सरळ केईएमची वाट दाखवायचे. केस पेपर आणल्याशिवाय अंगारा नाही. त्यांना त्यावरचं इंग्रजी वाचता यायचं नाही, पण कागद उजेडात धरून शिक्का बघायचे. दुसरा, बाईमाणूस आली तर दार सताड उघडं आणि आजी खोलीत बसलेली. तिसरा, पैसे घ्यायचे नाहीत. नारळ आणला तर तिथेच फोडून प्रसाद वाटायचा. चौथा, कुणाचं नाव घ्यायचं नाही. 'हे कुणी केलं?' असं लोक हटकून विचारायचे. जावेने? शेजारणीने? आजोबा म्हणायचे, "मी थंय नव्हतंय." करणी कुणी केली ते सांगणारा भगत दोन घरांत आग लावतो, हे त्यांचं मत.

आणि पाचवा, अंगाला हात लावायचा नाही. छडी नाही, चापट नाही, मिरच्यांची धुरी नाही. "भूत गेला तरी वळ रवतत," असं ते म्हणायचे.

भाचा भराभर टाइप करत होता. "भारी आहेत. एकदम हिरो."

आत्या समोर चकल्या डब्यात भरत होती. तिने झाकण लावलं आणि विचारलं, "पाचवा नियम कधी केला ते सांगितलंस त्याला?"

मला माहीतच नव्हतं. नियम पहिल्यापासूनच होते, असं मी धरून चाललो होतो.

जानेवारी १९८२ मध्ये गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि त्यातले बरेचसे परत कधी आत गेलेच नाहीत. आजी म्हणायची, संपानंतर चाळीत भुतं वाढली. लहानपणी मला ही गंमत वाटायची. आत्याने त्या दिवशी हिशेब सांगितला. १९८३ साली ती एकोणीस वर्षांची होती. घरात दोन वेळची चूल पेटत नव्हती. वाण्याची उधारी थकलेली, आजीच्या पाटल्या गहाण. आत्या घरी बसून राख्यांना मणी लावायची आणि त्या पैशांवर भाजी यायची. आजोबा दिवसभर देव्हाऱ्यापुढे.

त्या पावसाळ्यात रात्री आत्याचं अंग ताठ व्हायला लागलं. दात आवळले जायचे, डोळे फिरायचे, आणि मग ती वेगळ्याच आवाजात बोलायची.

"काय बोलायचीस?" भाच्याने विचारलं.

"बाबांना शिव्या घालायचे. घरात दाणा नाही आणि तू कुणाकुणाची भुतं काढतोस, असं. पोरीच्या जिवावर खातोस, असं."

खोलीत कुणी काही बोललं नाही. त्या घरात एकोणीस वर्षांच्या मुलीला बापासमोर हे म्हणता आलं नसतं. भुताला आलं.

आजोबांनी भूत काढायला घेतलं. चाळ गोळा झाली. आधी मिरच्यांची धुरी, मग वेताची छडी. 'कोण तू? कुठून आलीस? जातेस की नाही?' आत्या म्हणाली, "मला कळत होतं की हवं ते उत्तर दिल्याशिवाय हे थांबणार नाही. मी म्हटलं, विहिरीवरची आहे, जाते." त्याच्या आधी एक थप्पड डाव्या कानावर बसली होती.

भूत गेलं. सगळ्यांनी ऐकलं, भुताने स्वतःच्या तोंडाने कबूल केलं. मारामुळे कबुली मिळते आणि कबुलीमुळे मार योग्य ठरतो. या चक्रात शिकार करणारा कधी हरतच नाही.

काही दिवसांनी आजोबांनी तिला हाक मारून पाणी मागितलं. ती डावीकडे होती, तिने वळूनही पाहिलं नाही. त्यांनी पुन्हा हाक मारली, मग उठून तिच्यासमोर उभे राहिले. दुसऱ्या दिवशी तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी कानात बघून विचारलं, "कुणी मारलं?" आत्या म्हणाली, पडले. आजोबा शेजारीच उभे होते. ते काही बोलले नाहीत.

पाचवा नियम त्यानंतरचा. पहिलाही.

मी आत्याकडे बघत राहिलो. तिच्याशी बोलताना घरातले सगळे तिच्या उजव्या बाजूला बसतात. मीही लहानपणापासून तिथेच बसत आलोय. का, ते कधी विचारलं नव्हतं.

भाच्याने त्याच्या खेळातला प्रश्न विचारला. "आजी, मग त्यांची शक्ती गेली का?"

"कुठली जातेय! उलट गर्दी वाढली. स्वतःच्या मुलीलाही सोडलं नाही म्हणजे भगत पक्का, असं लोक म्हणायला लागले."

"पण असं मारणं हा गुन्हा आहे ना?"

आज आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर कितीतरी वर्षं या कायद्यासाठी झगडत होते. २० ऑगस्ट २०१३ ला सकाळी पुण्यात त्यांचा गोळ्या घालून खून झाला. त्याच आठवड्यात अध्यादेश निघाला आणि डिसेंबरमध्ये विधिमंडळाने जादूटोणाविरोधी कायदा मंजूर केला. आधी माणूस जातो, मग नियम होतो. आमच्या घरात कान गेला होता.

मी मोबाइलवर कायदा उघडला. त्याच्या शेवटी एक अनुसूची आहे, बारा कलमांची. कायदा कुठेही भूत नसतं असं म्हणत नाही. पूजा, वारी, कीर्तन, घरातली उपासना यांना तो हात लावत नाही. भुताच्या नावाखाली माणसाचं काय करायचं नाही, एवढंच सांगतो. करणी केली म्हणून कुणाकडे बोट दाखवायचं नाही. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला डॉक्टरकडे जाण्यापासून अडवायचं नाही. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. आजोबा २००४ साली गेले. त्यांनी हा कायदा पाहिला नाही, पण त्यांचे पहिला, चौथा आणि पाचवा नियम त्यात जवळजवळ जसेच्या तसे सापडतात.

भूत उतरवण्याबद्दलचं कलम पहिलंच आहे. मी ते मोठ्याने वाचलं. दोराने किंवा साखळीने बांधणं, छडीने मारणं, मिरचीची धुरी देणं, केस उपटणं, छताला टांगणं, चटके देणं. आत्या बोटं मोडत ऐकत होती. धुरीला एक बोट, छडीला दुसरं. "बांधलं नव्हतं," ती म्हणाली. "केस धरले होते, उपटले नाहीत." जणू हिशेबात बापावर अन्याय व्हायला नको.

हे आपल्याकडेच होतं असंही नाही. कॅथलिक चर्चमध्ये सैतान काढायचे लेखी नियम आहेत. १६१४ च्या विधिग्रंथात धर्मगुरूला सुरुवातीलाच बजावलंय की कुणाला सैतानाची बाधा झालीय यावर सहजासहजी विश्वास ठेवू नकोस. बिशपची परवानगीही लागते. तरी १९७६ मध्ये जर्मनीत आनेलीझ मिशेल नावाची तेवीस वर्षांची मुलगी उपासमारीने मेली. तिच्यावर अपस्माराचे उपचार झाले होते. नंतर दोन धर्मगुरूंनी सदुसष्ट वेळा विधी केले आणि शेवटी तिने खाणंच सोडलं. बिशपची परवानगी होती. १९७८ मध्ये कोर्टाने आईवडील आणि दोन्ही धर्मगुरूंना दोषी ठरवलं. विधी चालू असताना तिच्यासाठी डॉक्टर बोलावावा, असं त्यांना वाटलं नाही. सैतानाशी लढताना ती मुलगी त्यांना दिसतच नव्हती.

आजोबांना पाणी मागताना दिसली. त्याचं श्रेय द्यायला हवं. पुढची वीस वर्षं त्यांनी कुणावर हात उगारला नाही. त्यांच्या आग्रहामुळे किती बायका पहिल्यांदा केईएमच्या मानसोपचार विभागाची पायरी चढल्या, ते मी लहानपणी पाहिलंय. आत्याही हे नाकारत नाही. "बाबा शब्दाचे पक्के होते," ती म्हणाली. "नियम केले. पण मला कधी काही बोलले नाहीत. लोकांना वाटायचं तात्या मुळातच दयाळू. मलाच तेवढं माहीत होतं."

भाच्याने टाइप करणं थांबवलं होतं. "आजी, तू सांग ना. एखादा नियम बदलू?"

आत्याने थोडा विचार केला. "पहिला हा घाल. भूत काय बोलतंय ते आधी नीट ऐकून घ्यायचं. घालवायची घाई करायची नाही."

"आणि नियम मोडला तर? शक्ती गेली असं ठेवू?"

"नको. तसं होत नाही. मोडला तर ज्यांच्यासमोर मोडला त्यांच्यासमोर सांगायचं, माझं चुकलं. आपल्या चाळीत साठ माणसं होती त्या रात्री."

भाच्याने ते लिहून घेतलं. त्याच्या मित्राला ते मान्य होईल की नाही माहीत नाही. खेळात शक्ती जाणं सोपं असतं.

निघताना मी आत्याला विचारलं, हे लिहू का? ती म्हणाली, "लिही. माझं नाव नको. त्यांचंही नको."

पाचवा नियम मी इतकी वर्षं अर्धाच सांगत होतो. उरलेला अर्धा हा.