सयाजीराव नावाचा घोडा

घोड्यांच्या शर्यती हा आपल्या मराठी मध्यमवर्गीय घरांतून फारसा प्रतिष्ठित विषय नाही. शर्यत म्हटली की पैज आली, पैज म्हटली की घरदार गमावून बसलेला कुणीतरी दूरचा काका आठवतो, आणि बोलणे तिथेच थांबते. मीही आजवर कोणत्या घोड्यावर एक पैसा लावलेला नाही. तथापि शर्यतीच्या जगात दर हिवाळ्यात एक प्रश्न विचारला जातो, आणि तो मला फार आपलासा वाटतो. आज होतकरू दिसणारे हे जनावर पुढच्या हंगामात काय करील? जनावराच्या जागी मुलगा किंवा मुलगी घातली, की हाच प्रश्न आपल्या प्रत्येक घरात ऐकू येतो.

या प्रश्नाचे एक उत्तम उदाहरण आपल्या बडोद्याशी बांधलेले आहे. काळा घोडा चौकातल्या पुतळ्यात सयाजीराव महाराज घोड्यावर बसलेले आहेत. पण महाराजांच्या निधनानंतर काही वर्षांनी त्यांचे नावच एका घोड्याला मिळाले, हे पुष्कळ बडोदेकरांना ठाऊक नसते. १९४५ साली महाराजांचे नातू आणि गादीचे वारस प्रतापसिंहराव यांनी इंग्लंडातील लिलावात एक वर्षाचे शिंगरू २८,००० गिनींना विकत घेतले. तेवढ्या वयाच्या घोड्याला तिथे तोवर कुणी इतकी किंमत दिली नव्हती. गिनी एकवीस शिलिंगांची आणि रुपया दीड शिलिंगाचा, असा त्या काळचा हिशेब मांडला तर ही रक्कम ३ लाख ९२ हजार रुपये होते. शिंगराचे नाव ठेवले गेले ‘सयाजीराव’.

एवढी किंमत कशाची? एका शब्दात सांगायचे तर खाणीची. बाप निअर्को हा इटलीतला घोडा. तो चौदा शर्यती धावला आणि चौदाही जिंकला. आई रोझी लेजंड. याच जोडप्याचा थोरला मुलगा दांते त्याच वर्षी इंग्लंडची डर्बी जिंकला होता, तोही एका डोळ्याची दृष्टी जात असताना. ‘खाण तशी माती’ हा लिलावातला पहिला नियम आहे. पण एकाच आईबापांची दोन मुले सारखी निपजत नाहीत, हे कळायला लिलावात जावे लागत नाही. चार भावंडांच्या कोणत्याही घरात डोकावले म्हणजे पुरते.

आता आपण १९४६ सालच्या हिवाळ्यात न्यूमार्केटला जाऊन उभे राहू. घोडा वॉरन प्लेस नावाच्या पागेत सॅम आर्मस्ट्राँग या ट्रेनरच्या हाताखाली आहे. इंग्लंडात सपाटीच्या शर्यतींचा हंगाम वसंतात सुरू होतो आणि शरदाच्या अखेरीस संपतो. तिथल्या नियमाप्रमाणे सगळ्या घोड्यांचा वाढदिवस १ जानेवारीला, मग ते जन्मलेले कोणत्याही महिन्यात असोत. दोन वर्षांच्या घोड्यांना बहुधा पाच, सहा, सात फर्लांग धावू देतात. फर्लांग म्हणजे मैलाचा आठवा भाग. तिसऱ्या वर्षी मात्र अंतरे वाढतात. वसंतात ‘टू थाउजंड गिनीज’ एक मैलाची, जूनमध्ये डर्बी दीड मैलाची, आणि सप्टेंबरात डॉनकास्टरची सेंट लेजर पावणेदोन मैलांहून किंचित अधिक. म्हणजे दुसऱ्या वर्षी आपण ज्या परीक्षेचा निकाल पाहतो, ती तिसऱ्या वर्षीची परीक्षाच नव्हे.

त्या हिवाळ्यात सगळ्यांच्या तोंडी नाव होते ट्यूडर मिन्स्ट्रेलचे. तो चार शर्यती धावला होता आणि चारही जिंकला होता. त्याचा बाप ओवेन ट्यूडर १९४१ ची डर्बी जिंकलेला आणि पुढल्या वर्षी लांब पल्ल्याचा गोल्ड कपही मिळवलेला. सयाजीरावाकडे होती ती किंमत आणि भावाची कीर्ती. अशा वेळी जाणता परीक्षक काय पाहतो? नुसता निकाल पाहत नाही. शर्यत संपताना घोड्यात धावण्याची उमेद शिल्लक होती की तो थकत चालला होता, हे पाहतो. अंगाने तो भरून आला आहे की अजून वाढीला जागा आहे, हे पाहतो. स्वार सांगेल तेव्हा तो दम धरतो की पहिल्या पावलापासून लगामाशी झगडतो, हेही पाहतो. आणि बापाबरोबर आईचे घराणेही विचारतो. ट्यूडर मिन्स्ट्रेलच्या आईकडचे घराणे वेगासाठी प्रसिद्ध होते, दमासाठी नव्हे.

१९४७ च्या वसंतात ट्यूडर मिन्स्ट्रेलने गिनीज आठ लांबींनी जिंकली. सयाजीराव तिसरा आला. त्या दिवशी कुणी सयाजीरावाचे भविष्य विचारले असते, तर लोक हसले असते. जूनमध्ये डर्बीला ट्यूडर मिन्स्ट्रेलवर लोकांचा भरवसा इतका की शंभर मिळवायला पावणेदोनशे लावावे लागत. पण एप्समच्या चढउतारावर तो स्वाराशीच झगडत राहिला, दीड मैल त्याला पेलले नाहीत आणि तो चौथा आला. फ्रान्सचा पर्ल डायव्हर पहिला, आगाखानांचा मिगोली दुसरा आणि सयाजीराव पुन्हा तिसरा. त्यानंतर मात्र अंतर त्याच्या बाजूने बोलू लागले. तो आयर्लंडची डर्बी जिंकला. सप्टेंबरात, भारत स्वतंत्र होऊन महिनाही लोटला नव्हता किंवा नुकताच लोटला होता, अशा दिवसांत एडगर ब्रिट या ऑस्ट्रेलियन जॉकीने त्याला डॉनकास्टरला उतरवले. आर्बार नावाच्या फ्रेंच घोड्याला केवळ मानेपुढच्या डोक्याइतक्या अंतराने मागे टाकून तो सेंट लेजर जिंकला; मिगोली तिसरा राहिला.

ही ससा-कासवाची गोष्ट नाही. कासव जिंकले ते ससा झोपला म्हणून. इथे कुणीच झोपले नव्हते. एक मैलाच्या अंतरावर ट्यूडर मिन्स्ट्रेलसारखा घोडा विरळाच. टाइमफॉर्म या इंग्रजी संस्थेने त्याला दिलेला १४४ हा गुणांक सपाटीच्या घोड्यांत बरीच वर्षे सर्वोच्च राहिला. पुढे तो मागे पडला, आणि २०१२ साली फ्रँकेल या घोड्याला १४७ गुण मिळाले. आणि योगायोग असा की फ्रँकेलही त्याच वॉरन प्लेसच्या पागेत वाढला. तेव्हा प्रश्न ‘घोडा चांगला आहे का?’ असा नसतोच. प्रश्न असतो ‘कोणत्या अंतराचा आहे?’ असा. ‘मुलाचे पाय पाळण्यात दिसतात’ असे आपण म्हणतो. पाय दिसतात हे खरे. पण ते किती लांब चालणार, हे पाळण्यात दिसत नाही.

ज्यांचे नाव त्या घोड्याला दिले गेले, त्यांची गोष्ट तरी वेगळी कुठे आहे? १८७५ साली महाराणी जमनाबाईंनी दत्तक निवडण्यासाठी नाशिकजवळच्या कवळाण्याहून गायकवाडांच्या दूरच्या शाखेतील तीन भाऊ बोलावले. मधला गोपाळराव, वय बारा, शाळेशी फारशी ओळख नाही. त्या दिवशीच्या निकालावर त्याची किंमत कुणी केली असती, तर ती काय झाली असती? पण निवडीनंतर त्याला सहा वर्षे दिली गेली. सर टी. माधवरावांसारखा दिवाण राज्य सांभाळायला होता, इलियट यांच्यासारखा शिक्षक शिकवायला होता, आणि १८८१ च्या डिसेंबरापर्यंत राज्याचे ओझे त्याच्या पाठीवर ठेवले गेले नाही. पुढे याच मुलाने १९०६ साली सगळ्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. जमनाबाईंची पारख मोठी खरी. पण मला त्या सहा वर्षांची किंमत अधिक वाटते.

आणि इथेच २८,००० गिनींचा आकडा मनाला टोचतो. ज्या राजाने शाळांवर पैसा खर्चिला, त्याचे नाव लिलावातल्या विक्रमी किमतीवर कोरले गेले. प्रतापसिंहरावांवर एकांगी होण्याचे कारण नाही. १९४९ साली महाराजा सयाजीराव विद्यापीठ उभे राहिले ते त्यांच्याच हातून. तथापि संस्थानच्या खजिन्यातून त्यांनी उचललेल्या मोठ्या रकमांविषयी प्रजेने जाब विचारला, १ मे १९४९ रोजी बडोदे मुंबई प्रांतात विलीन झाले, आणि १९५१ साली भारत सरकारने त्यांची राजेपदाची मान्यता काढून घेऊन ती त्यांचे पुत्र फत्तेसिंहराव यांस दिली. खाणीवर विश्वास ठेवून ज्यांनी घोडा निवडला आणि तो नेमका ठरला, त्यांच्या स्वतःच्या बाबतीत खाणीने हमी दिली नाही. माणसाला आजोबांचे नाव वारशात मिळते, आजोबांचा दम मिळत नाही. तो प्रत्येकाला नव्याने कमवावा लागतो.

सयाजीराव घोडा पुढे प्रजननासाठी ठेवला गेला. त्याची मुलगी ग्लॅडनेस १९५८ चा अ‍ॅस्कट गोल्ड कप जिंकली, आणि मुलगा इंडियाना १९६४ साली बापाचीच सेंट लेजर जिंकला. दोन्ही लांब पल्ल्याच्या शर्यती.

आपल्या घरांतूनही दरवर्षी निकाल लागतात आणि पेढ्यांबरोबर भविष्येही वाटली जातात. शेजारच्या मुलाचे टक्के आठ लांबींनी पुढे असतात आणि आपला मुलगा तिसरा असतो. अशा वेळी त्याला पळवत सुटण्याआधी घरातल्या वडीलधाऱ्यांनी क्षणभर थांबून त्या न्यूमार्केटच्या परीक्षकासारखे पाहावे : शर्यत संपताना याच्यात उमेद उरली आहे का, वाढीला जागा आहे का, आणि हा कोणत्या अंतराचा आहे? याचे उत्तर लगेच मिळाले नाही, तरी काळजीचे कारण नाही. सेंट लेजर सप्टेंबरात असते.