शेवट कळल्यानंतर

रंजक कादंबरी शेवट कळेपर्यंतच टिकते, असा माझा समज होता. मल्लेश्वरममध्ये अलीकडे वाचलेल्या तीन कादंबऱ्यांनी तो मोडला. येथल्या काडु मल्लेश्वराच्या देवळाशी व्यंकोजीराजांचे नाव जोडलेले आहे. त्याच्या परिसरात कन्नड आणि मराठी पुस्तके एका फळीवर ठेवताना मला परकेपणा वाटला नाही.

पूर्णचंद्र तेजस्वींच्या 'चिदंबर रहस्य'ला १९८७ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. तीत वेलदोड्यांवर संशोधन करणाऱ्या शास्त्रज्ञाच्या मृत्यूचा तपास चालतो. पण वाचकाचे लक्ष हळूहळू गावाच्या ऱ्हासाकडे वळते. अपराधी कोण, हा प्रश्न मग एका माणसापुरता उरत नाही.

मास्तींच्या 'चिक्कवीर राजेंद्र'ची गोष्ट उलट. १८३४ मध्ये कोडगूचे राज्य इंग्रजांनी घेतले, हे वाचकाला आधीच ठाऊक असते. तरीही प्रत्येक प्रकरणात वाटते, आता तरी राजा सावरेल.

तिसरी नाथमाधवांची अद्भुतरम्य 'वीरधवल'. तारुण्यात तिच्यातील साहसे मला पोरकट वाटली होती. शिकारीच्या वेळी कड्यावरून पडून लेखकाचे पाय कायमचे अधू झाले होते, हे पुढे कळले. या खेपेला नायकाच्या प्रत्येक दौडीपाशी मी थांबलो.

विद्यार्थ्यांनी या तिन्ही लागोपाठ वाचाव्यात. शेवट कळला म्हणून पुस्तक लगेच परत करू नये. पहिले प्रकरण पुन्हा उघडावे. मी तेच करतो आहे.