एकवीस अंकी संख्येचे दोन अवयव

वीस वर्षांपूर्वींची गोष्ट. आम्ही नुकतेच शिक्षक झालों होतों आणि पदवीचा थोडासा ताठा अंगांत होता. मूळसंख्यांचा पाठ चालला असतां आम्हीं फळ्यावर लिहिलें कीं, दोनाचा दुसरा, तिसरा, पांचवा व सातवा घात घेऊन त्यांतून एकेक वजा केल्यास ३, ७, ३१ व १२७ येतात. ह्या सर्व मूळसंख्या. तेव्हां अकराव्या घातापासून निघणारी २०४७ हीहि मूळसंख्याच, असें आम्हीं बेधडक सांगितलें.

दुसऱ्या दिवशीं मागच्या बांकावरील एक अबोल मुलगा वही घेऊन आला. "सर, हिला तेविसानें भाग जातो," एवढेंच तो म्हणाला. वहींत २३ व ८९ ह्यांचा गुणाकार मांडला होता. आम्हीं ओझरती नजर टाकून त्यास जागेवर जाऊन बसावयास सांगितलें. रात्रीं घरीं गुणाकार करून पाहिला, तो बरोबर! चूक वर्गापुढें कबूल केली खरी, पण आठवड्यानें, आणि तीहि घाईची सबब सांगून. त्या आठवड्यांत त्या मुलानें एकदाहि हात वर केला नाहीं.

पुढें वाचनांत आलें कीं, ह्या वाटेवर मोठमोठे घसरले आहेत. फ्रान्समधील मठवासी विद्वान मर्सेन ह्यांस २०४७ चें व्यंग ठाऊक होतें. परंतु १६४४ सालीं त्यांनीं दिलेल्या यादींत दोनाच्या ६७ व्या घातांतून एक वजा करून येणारी संख्या मूळसंख्या म्हणून घातली होती. ती अशी: १४७५७३९५२५८९६७६४१२९२७.

१८७६ सालीं ल्यूका ह्यांनीं ही संख्या संयुक्त असल्याचें सिद्ध केलें, परंतु तिचा एकहि अवयव त्यांना दाखवितां आला नाहीं. अवयव न सांपडतां हें कळतें कसें? ल्यूकांच्या विचारावरून लेमर ह्यांनीं पुढें सुटसुटीत केलेली कसोटी विद्यार्थ्यांनीं स्वतः करून पाहावी. ४ घ्यावे, वर्ग करून २ वजा करावे, दिलेल्या संख्येनें भागून बाकी ठेवावी, आणि बाकीवर पुन्हां तेंच करावें. घातांकाहून दोन कमी इतक्या वेळां हें केल्यावर बाकी शून्य राहिली तर मूळसंख्या, एरव्हीं संयुक्त. ३१ करितां तीन वेळां करावें लागतें: १४, ८, ०. २०४७ करितां नऊ वेळां केल्यावर १७३६ उरतात. तेवीस व एकुणनव्वद ह्यांची गांठहि न पडतां निकाल लागला!

त्या एकवीस अंकी संख्येचे अवयव मात्र १९०३ सालापर्यंत गुप्तच राहिले. त्या वर्षीं ३१ ऑक्टोबर रोजीं न्यूयॉर्क येथें अमेरिकन गणितमंडळाच्या सभेंत प्राध्यापक कोल फळ्यापाशीं गेले. असें सांगतात कीं, एका बाजूस त्यांनीं दोनाचा ६७ वा घात काढून एक वजा केला, दुसऱ्या बाजूस १९३७०७७२१ व ७६१८३८२५७२८७ ह्यांचा गुणाकार केला, आणि दोन्ही उत्तरें जुळतांच एक शब्दहि न बोलतां ते जागेवर जाऊन बसले. सभेनें टाळ्यांचा कडकडाट केला. किती काळ लागला असें विचारतां, तीन वर्षांचे रविवार, असें त्यांनीं सांगितलें म्हणतात. (रविवारीं गणित करावें कीं नाहीं, ह्याविषयीं आमच्या घरीं अद्यापि मतभेद आहे.) एवढा गुणाकार करण्याचा ज्यास कंटाळा असेल त्यानें नवांची कसोटी तरी लावावी: दोन अवयवांच्या अंकांची बेरीज ३७ व ६४, गुणाकाराच्या अंकांची १०९, तिन्हींची नवांनीं बाकी १.

आज संगणक हे अवयव क्षणांत काढतो. तथापि दोनाच्या १२७७ व्या घातांतून एक वजा केल्यास ३८५ अंकी संख्या येते. ती संयुक्त आहे हें सिद्ध झालें आहे, पण तिचा एकहि अवयव अजून कोणाच्या हातीं लागलेला नाहीं. यंदा वर्गांत हें सांगतांच पहिल्या बांकावरील एका मुलीनें विचारलें, "सर, अंदाजानें तरी सांगा ना, तिला कशानें भाग जात असेल?"

"आम्हांस ठाऊक नाहीं," असें ह्या खेपेस आम्हीं तत्काळ सांगितलें. ती वहींत कांहींतरी मांडूं लागली. तास संपल्याची घंटा झाली, तरी तिची मान वर झाली नाहीं.