गिलासभर पाण्यात अख्खी पुडी

मागच्या मे महिन्यात माझा चार वर्षांचा नातू अकोल्याहून भातकुलीला सुट्टीत आला. तिसऱ्या दिवशी त्याला हगवण लागली. संध्याकाळपर्यंत सात-आठ वेळा झाली. मी मेडिकलमधून ओआरएसची पुडी आणली. तिच्यावर काय लिहिलंय ते वाचलं नाही. लेकरू जास्त पाणी पिणार कुठे, म्हणून अख्खी पुडी एका गिलासात कालवली.

पाणीही चुकीचं घेतलं. आमचा भाग पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यातला. बोअरचं पाणी खारट, ते धुण्याभांड्याला. प्यायला नळाचं. त्या दिवशी नळ आला नव्हता, माठ तळाला गेला होता. नाहीतरी पुडी खारटच, असं म्हणून बोअरचं घेतलं.

तो अर्धा गिलास प्यायला आणि ओकला. मग पाणी-पाणी करत रडायला लागला. मी उरलेलं तेच पाजत राहिले. रात्री हगवण वाढली. रडताना डोळ्यांत पाणी येईना, तेव्हा घाबरले.

पहाटे गावच्या आशा सेविकेला, आशाताईंना, बोलावलं. "मावशी, पुडी लिटरभर पाण्याची हाय. गिलासात कशी कालवली जी?" एवढंच त्या बोलल्या आणि आम्हाला सरकारी दवाखान्यात घेऊन गेल्या. तिथे सलाईन लावलं.

डॉक्टरांनी समजावलं. मोठ्या पुडीत 20.5 ग्रॅम भुकटी असते. त्यात मीठ 2.6 ग्रॅम, ग्लुकोज 13.5, बाकी पोटॅशियम क्लोराइड आणि सायट्रेट. लिटरभर पाण्यात ग्लुकोजच्या जोडीनं मीठ आतड्यातून आत जातं, त्यांच्यामागून पाणी. गिलासभरात तीच भुकटी पाचपट दाट होते. मग अंगातलंच पाणी उलटं आतड्यात ओढलं जातं आणि रक्तात मीठ वाढतं. म्हणून त्याची तहान भागत नव्हती. वरून माझं खारट पाणी.

घरी आल्यावर आशाताईंनी लिटरची रिकामी बाटली घासून घेतली. नळाचं पाणी उकळून थंड केलं, पूर्ण भरलं, मग पुडी टाकली. वर साखर नाही, मीठ नाही. 24 तासांनी उरेल ते फेकायचं. चमच्या-चमच्यानं पाजायचं. ओकला तर दहा मिनिटं थांबून पुन्हा. झिंकची गोळी चमचाभर पाण्यात विरघळवून 14 दिवस. पाचव्या दिवशी हगवण थांबली, तरी गोळ्या पूर्ण दिल्या. छोटी पुडी 200 मिलीची येते हेही तेव्हाच कळलं. पाण्याचं माप पुडीगणिक बदलतं.

आजारी पडल्याचं लेकीला त्याच दिवशी फोनवर सांगितलं होतं. गिलासाचं मात्र ती त्याला न्यायला आली तेव्हा सांगितलं. तो अंगणात खेळत होता, म्हणून जमलं.